रँडम डेटा फेकून ऑपरेटिंग सिस्टिमची मजबुती कशी तपासायची: नवख्यांसाठी पायरी पायरीने

ऑपरेटिंग सिस्टिमवर वाट्टेल तो कचरा फेकायचा आणि ती पडते का बघायचं, एवढीच ही आयडिया, आणि ऐकायला ती इतकी सोपी वाटते की बरेच जण पहिल्याच दिवशी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून लूपमध्ये सोडून झोपायला जातात. सकाळी बघावं तर मशीन गोठलेलं, स्क्रीन काळी, आणि नेमकं काय फेकल्यावर पडलं याचा काही पत्ता नाही. मग रीस्टार्ट करा, पहिले पाढे पंचावन्न. फेकणं सोपंच आहे हो, अवघड आहे ते पकडणं. म्हणून खाली फेकण्याइतकंच लॉग, सीड (ज्यावरून तोच रँडम डेटा पुन्हा बनवता येतो तो आकडा) आणि स्नॅपशॉट (मशीनची जपून ठेवलेली स्थिती) यांबद्दलही लिहिलंय, ते बोअर वाटलं तरी वगळू नका.

उदाहरणं लिनक्सची घेतलीयेत कारण तिथे सगळी टूल्स फुकट मिळतात आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः बिल्ड करता येतो. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायची.

थोडा इतिहास, पटकन. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले प्रोफेसर बार्टन मिलर घरून डायल-अप लाइनवर युनिक्स मशीनला जोडलेले होते, बाहेर वादळ चालू होतं, लाइनवरच्या खरखरीमुळे कमांडमध्ये भलतीच अक्षरं घुसत होती आणि त्यामुळे रोजच्या वापरातली टूल्स क्रॅश होत होती. त्यांनी तोच प्रोजेक्ट वर्गातल्या मुलांना दिला, नाव ठेवलं फझ. १९९० मध्ये पेपर छापून आला, त्यातला आकडा असा की ज्या ज्या युनिक्सवर टेस्ट केली तिथल्या २५ ते ३३ टक्के युटिलिटी नुसत्या रँडम अक्षरांनी क्रॅश तरी झाल्या किंवा हँग तरी. कारणं अगदी साधी होती, ॲरेची हद्द न तपासणं, फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू न बघणं वगैरे. २००० मध्ये याच टीमने विंडोज एनटीवर रँडम कीबोर्ड आणि माउस इव्हेंट पाठवले तर २१ टक्के ॲप्लिकेशन क्रॅश झाली आणि आणखी २४ टक्के हँग. म्हणजे कल्पना जुनी आहे, बावळट वाटते, पण चालते.

पायरी १: फोडायला वेगळं मशीन

स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर हे करायचं नाही, ऑफिसच्या सर्व्हरवर तर नाहीच, आणि दुसऱ्याच्या मशीनवर परवानगीशिवाय केलं तर ते टेस्टिंग राहत नाही, गुन्हा होतो. क्यूएमू किंवा तत्सम काहीतरी घ्या, त्यात एक छोटी व्हर्च्युअल मशीन बनवा (तिला गेस्ट म्हणतात आणि तुमच्या खऱ्या मशीनला होस्ट), २ सीपीयू आणि २ जीबी रॅम सुरुवातीला पुरते. सगळं इन्स्टॉल झालं की मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या, प्रत्येक क्रॅशनंतर तिथेच परत यायचं. क्यूएमूला स्नॅपशॉट नावाचा ऑप्शन देऊन मशीन चालू केली तर डिस्कवरचे सगळे बदल बंद करताना आपोआप फेकले जातात, नवख्यांसाठी हे फार सोयीचं.

दोन गोष्टी बंद करा. एक, होस्टशी शेअर केलेलं फोल्डर, कारण रँडम सिस्कॉलने (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) गेस्टमधली फाइल उडाली तर चालतं पण शेअर फोल्डरमधून तुमच्याच फाइल उडतील. दोन, बाहेरचं नेटवर्क, फक्त होस्टवरून गेस्टमध्ये एसएसएच जाईल एवढं ठेवा.

आणि हो, होस्टची रॅम एकदा मेमटेस्टने तपासून घ्या. खराब रॅम असेल तर तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटत बसाल.

पायरी २: आधी लॉग, मग मारा

मशीन पडल्यावर लॉग कुठे शोधायचा हा विचार करणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. कर्नल पडतो तेव्हा डिस्कवर लिहायची त्याची लायकीच उरलेली नसते, त्यामुळे गेस्टमधल्या लॉग फाइलमध्ये शेवटच्या, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या ओळी बहुतेक वेळा नसतातच. उपाय सीरियल कन्सोल. गेस्टच्या कर्नल कमांडलाइनमध्ये कन्सोल म्हणून टीटीवायएस० द्यायचा आणि क्यूएमूला सांगायचं की सीरियल पोर्ट होस्टवरच्या एका फाइलमध्ये ओत. आता कर्नल मरता मरता जे काही बोलेल ते बाहेर होस्टवर जमा होतं.

मग गेस्टमध्ये सिस्कंट्रोलने दोन सेटिंग बदला. पहिलं पॅनिक-ऑन-ऊप्स, ते १ करा (ऊप्स म्हणजे कर्नलमधली गंभीर चूक, पॅनिक म्हणजे कर्नलने पूर्ण थांबणं). बऱ्याच ठिकाणी हे डिफॉल्टला ० असतं, म्हणजे कर्नलमध्ये ऊप्स आला तरी तो ती एक प्रोसेस मारतो आणि पुढे चालत राहतो, पण त्या मेलेल्या प्रोसेसने एखादं लॉक धरून ठेवलेलं असेल तर पंधरा मिनिटांनी भलतीकडेच काहीतरी अडकतं आणि तुम्ही त्या भलत्या जागेचा तपास करत बसता. दुसरं, पॅनिक झाल्यावर किती सेकंदांनी रीबूट व्हायचं ते, १० ठेवा.

अजून एक छोटी पण सोन्यासारखी जागा म्हणजे /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड ही फाइल. ताज्या बूटनंतर त्यात साधारणपणे ० असतो. कर्नलने वॉर्निंग दिली की त्यात ५१२ मिळवले जातात, ऊप्स झाला की १२८, दोन्ही झालं तर ६४०. प्रत्येक टेस्टनंतर हा आकडा वाचायचा, बदलला असेल तर थांबायचं, अख्खा लॉग चाळत बसायची गरज नाही. बाहेरून आणलेला एखादा ड्रायव्हर लोड असेल तर सुरुवातीलाच आकडा शून्य नसतो, तेव्हा सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीड. यू-रँडम डिव्हाइसमधून डेटा घेतला तर तो परत कधीच तसाच मिळणार नाही, त्यामुळे एकतर फेकायच्या आधी तो फाइलमध्ये साठवा किंवा पायथनसारख्या भाषेतला सीड देता येणारा रँडम जनरेटर वापरा. सीडवाला मार्ग मला जास्त आवडतो कारण मग नोंद म्हणून फक्त दोन आकडे ठेवायचे, सीड आणि लांबी, त्यातून तोच डेटा कधीही पुन्हा तयार होतो. आणि ही नोंद गेस्टमध्ये ठेवायची नाही! होस्टवर ठेवायची, टेस्ट सुरू व्हायच्या आधी.

म्हणजे एकूण लूप असा बसतो: होस्टवरची स्क्रिप्ट सीड निवडते, स्वतःच्या लॉगमध्ये लिहिते, एसएसएचने गेस्टमध्ये तो सीड देऊन टेस्ट चालवते, टेस्टला टाइमआउट असतोच, संपल्यावर टेंटेड फाइल वाचते, आकडा तोच असेल तर पुढचा सीड. गेस्टकडून ३० सेकंद उत्तरच नाही आलं तर सीरियलची फाइल त्या सीडच्या नावाने बाजूला ठेवते, मशीन बंद करते आणि स्नॅपशॉटवरून परत उठवते. एवढी स्क्रिप्ट आधी लिहा, मग बाकीचं. आणि ती नीट चालते का हे बघायला मुद्दाम क्रॅश घडवा, सिसरिक्यू ट्रिगर फाइलमध्ये रूट होऊन सी हे एक अक्षर लिहिलं की कर्नल हुकमी पडतो. तुमच्या स्क्रिप्टने तो क्रॅश पकडला, लॉग साठवला आणि मशीन परत उभी केली, तरच पुढे जा.

पायरी ३: साध्या युटिलिटीपासून सुरुवात

मिलर यांनी केलं तेच आधी करून बघा, यात कर्नलला काही होणार नाही पण हात बसतो. एक रँडम फाइल बनवा, समजा १ लाख बाइटची, आणि ती एकेका टूलच्या स्टँडर्ड इनपुटला पाइप करा, पुढे टाइमआउट कमांड लावून १० सेकंदांची मर्यादा घाला. नंतर शेलमध्ये एक्झिट कोड बघा. ० किंवा १ किंवा २ आला तर टूलने कचरा ओळखला आणि शहाण्यासारखं नाही म्हटलं, हे बरोबर आहे, हा बग नाही. १२४ म्हणजे टाइमआउटने मारलं, कदाचित हँग. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सिग्नल ११ म्हणजे सेगफॉल्ट, परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला. १३४ म्हणजे १२८ अधिक ६, अबॉर्ट, म्हणजे प्रोग्रामने किंवा लायब्ररीने स्वतःच हात वर केले. १२८ च्या पुढचं काहीही आलं की त्यातून १२८ वजा करा, सिग्नल नंबर मिळतो.

फक्त एकाच प्रकारचा कचरा टाकू नका. नुसती छापता येणारी अक्षरं, मग सगळे २५६ बाइट, मग शून्य बाइट वगळून, मग एकही न्यूलाइन नसलेली एकच प्रचंड लांब ओळ. चारही वेगवेगळ्या जागी टोचतात, लांब ओळ जिथे फुटते तिथे शून्य बाइट फुटत नाही आणि उलटंही.

पायरी ४: रँडम बाइट म्हणजेच प्रोग्राम

ही माझी आवडती. जॉर्ज कॅरेट यांचं क्रॅशमी नावाचं एक जुनं टूल आहे, ते मेमरीत रँडम बाइट भरतं आणि सरळ त्यावर उडी मारतं, जणू काही तिथे फंक्शनच आहे. बहुतेक वेळा प्रोसेसर दोनचार इन्स्ट्रक्शन चालवतो आणि बेकायदा इन्स्ट्रक्शन किंवा सेगफॉल्टचा सिग्नल येतो, टूल तो सिग्नल झेलतं आणि नवे बाइट घेऊन पुन्हा उडी. प्रोसेस मरणं इथे अपेक्षितच आहे, बघायचं ते एवढंच की साध्या युजरच्या प्रोसेसने काहीही बरळलं तरी कर्नल जागेवर राहतो का. राहिलाच पाहिजे.

आणि दरवेळी राहतोच असं नाही. १९९७ मध्ये इंटेल पेंटियममध्ये एफ००एफ नावाने गाजलेला दोष सापडला, एफ०, ०एफ, सी७, सी८ हे चार बाइट कुठल्याही साध्या प्रोग्रामने चालवले की अख्खं मशीन गोठायचं, रूट असायची गरज नाही. दोष हार्डवेअरचा, पण पळवाट ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना काढावी लागली. २०१७ मध्ये क्रिस्टोफर डोमास यांनी सँडसिफ्टर आणलं, ते एक्स८६ इन्स्ट्रक्शन पद्धतशीर धुंडाळतं आणि कागदपत्रांत नसलेल्या इन्स्ट्रक्शन शोधून दाखवतं. म्हणजे हा विषय नुसता पुराणातला नाहीये.

एक फसगत मात्र इथे हमखास होते. आजकाल साध्या डेटा मेमरीवर एक्झिक्यूट करायची परवानगीच नसते, त्यामुळे जुनं टूल किंवा स्वतः लिहिलेला प्रोग्राम मॅलॉकने घेतलेल्या मेमरीवर उडी मारतो आणि पहिल्याच बाइटला सेगफॉल्ट येतो. लाखो वेळा सेगफॉल्ट, कर्नल ठणठणीत, तुम्ही खूश, आणि प्रत्यक्षात एकही रँडम इन्स्ट्रक्शन चाललेलीच नसते. एमप्रोटेक्ट कॉलने त्या मेमरीला एक्झिक्यूटची परवानगी द्या आणि खात्री म्हणून सिग्नलचा हिशेब ठेवा: सेगफॉल्ट, बेकायदा इन्स्ट्रक्शन, फ्लोटिंग पॉइंट, ट्रॅप अशी खिचडी दिसली पाहिजे. सगळं एकाच प्रकारचं दिसलं की समजा काहीतरी गडबड आहे.

स्ट्रेस-एनजी या टूलमध्येही ऑपकोड नावाचा स्ट्रेसर आहे, तो साधारण हेच करतो, पॅकेजमधून लगेच मिळतो. त्यातच सिसबॅडॲडर नावाचा अजून एक आहे जो सिस्कॉलना मुद्दाम चुकीचे पत्ते देतो. स्ट्रेस-एनजी मुळात लोड टाकायचं टूल आहे, पण हे दोन स्ट्रेसर नवख्यांनी ६० सेकंदांपासून सुरू करून बघावेत असेच आहेत.

पायरी ५: सिस्कॉलवर मारा

खरी गंमत इथे सुरू होते कारण युजर प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातला दरवाजा म्हणजे सिस्कॉल. स्वतः लिहायचं तर दहा ओळींचं सी पुरतं: रँडम सिस्कॉल नंबर, सहा रँडम आर्ग्युमेंट, कॉल करा, एररनो (काय चुकलं ते सांगणारा आकडा) बघा. चालवा आणि एररचा हिशेब मांडा. दिसेल असं की जवळजवळ सगळं ईबॅडएफ, ईफॉल्ट, ईइन्व्हॅल, ईनोसिस. म्हणजे कर्नलने पहिल्याच तपासणीत हाकललं, आत कुठे गेलोच नाही. साहजिक आहे, उघडी फाइल नंबर ३ असताना तुम्ही ९१ कोटीचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) देताय.

याचं गणित एकदा समजून घ्या, पुढे सगळीकडे लागतं. ३२ बिटांचा एक नेमका आकडा रँडमने जुळायची शक्यता ४,२९,४९,६७,२९६ मध्ये १. रीबूट सिस्कॉलला असे दोन जादूचे आकडे एकदम लागतात, पहिला एफईई१डेड आणि दुसऱ्यासाठी चारच आकडे चालतात, त्यातला एक हेक्समध्ये लिहिला तर २८१२१९६९ होतो, म्हणजे लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख. चुकून रीबूट होऊ नये म्हणूनच ते ठेवलंय, आणि निव्वळ रँडम डेटाने ते पार होण्याची वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल.

मग उपाय काय, तर अर्धवट शहाणा रँडम डेटा. आर्ग्युमेंट पूर्ण रँडम न देता कधी ०, कधी -१, कधी २१४७४८३६४७, कधी ४०९५, ४०९६, ४०९७ असे सीमेवरचे आकडे द्या (मेमरीचं एक पान सहसा ४०९६ बाइटचं असतं), डिस्क्रिप्टर लागतो तिथे आधीच उघडून ठेवलेल्या फाइल, पाइप, सॉकेट यांतला एखादा द्या, पत्ता लागतो तिथे कधी खरा बफर, कधी पानाच्या अगदी शेवटी संपणारा बफर. डेव्ह जोन्स यांचं ट्रिनिटी हे टूल नेमकं हेच करतं, कुठल्या सिस्कॉलला कुठल्या प्रकारचं आर्ग्युमेंट लागतं हे त्याला माहीत असतं. २०१३ मध्ये लिनक्सच्या परफ इव्हेंट ओपन सिस्कॉलमधला मोठा सुरक्षा दोष, ज्याने साधा युजर रूट होऊ शकत होता, तो ट्रिनिटी चालवतानाच सापडला होता. ट्रिनिटी रूट म्हणून चालवायला गेलात तर ते नकार देतं, डेंजरस असा ऑप्शन मुद्दाम द्यावा लागतो, तो नवख्यांनी देऊ नये. कर्नल टेंट झाला की ते स्वतःहून थांबतं हीपण चांगली सवय त्याला आहे.

स्वतःचं लिहिणार असाल तर वगळायच्या सिस्कॉलची यादी लागेलच. किल आधी काढा, कारण पीआयडी -१ आणि सिग्नल ९ अशी जोडी आली की तुमच्या युजरच्या सगळ्या प्रोसेस, एसएसएचसकट, जातात आणि तुम्हाला वाटतं मशीन पडलं. एक्झिट, पॉज, सिग्नलची वाट बघणारे कॉल, हेही काढा. आणि अलार्म लावून ठेवा, नाहीतर रीड कॉल टर्मिनलची वाट बघत बसतो आणि रात्र फुकट जाते.

आयओसीटीएल, म्हणजे ड्रायव्हरला खास कमांड देणारा सिस्कॉल, त्याबद्दल थोडक्यात: त्याचा कमांड नंबर ३२ बिटांचा असला तरी बहुतेक आर्किटेक्चरवर त्यात ८ बिट क्रमांक, ८ बिट प्रकार, १४ बिट साइज, २ बिट दिशा अशी मांडणी असते. प्रकार त्या ड्रायव्हरचाच धरून बाकीचं रँडम ठेवलंत तर आत शिराल, नाहीतर आयुष्यभर ईनॉटटीटीवाय, म्हणजे ही कमांड इथे चालत नाही.

पायरी ६: बिघडलेली फाइल सिस्टिम

लोक याकडे कानाडोळा करतात, पण डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावला की आपोआप माउंट होतो हे लक्षात घेतलं तर कोणीतरी दिलेली डिस्क इमेज हा कर्नलला मिळणारा थेट अनोळखी डेटा आहे. करायला पण मजा येते, तेव्हा इथे जरा सविस्तर.

ट्रंकेट कमांडने १६ एमबीची रिकामी फाइल बनवा आणि तिच्यावर एक्सटी४ तयार करा, पण मेटाडेटा चेकसम हे फीचर बंद करून. हे का ते नीट बघा: चेकसम चालू असेल तर तुम्ही एक बाइट बदलला की बेरीज जुळत नाही, कर्नल एरर देऊन परत पाठवतो, आणि पुढचा कोड, जिथे खरे बग लपलेत, तो कधी चालतच नाही. दुसरा मार्ग म्हणजे बाइट बदलल्यावर चेकसम पुन्हा मोजून लिहिणं, तो जास्त खरा पण सुरुवातीला नको. मग ती इमेज लूप डिव्हाइसवर माउंट करून त्यात दोनचार डिरेक्टरी, सिमलिंक, खूप लांब नावाची फाइल, मधे भोकं असलेली फाइल असं वेगवेगळं भरा आणि अनमाउंट करा. ही झाली मूळ इमेज, तिला हात लावायचा नाही, दरवेळी कॉपी करून कॉपी बिघडवायची.

कुठले बाइट बदलायचे? १६ एमबीत आंधळेपणाने बदल केलेत तर बहुतेक वेळा रिकाम्या जागेतला बाइट बदलतो, काहीच होत नाही. एवढ्या छोट्या इमेजवर ब्लॉक साइज सहसा १०२४ असते, सुपरब्लॉक (अख्ख्या फाइल सिस्टिमची मुख्य माहिती) १०२४ व्या बाइटपासून सुरू होतो, त्याच्या पुढच्या ब्लॉकपासून ग्रुप डिस्क्रिप्टर. त्यामुळे निम्मे बदल पहिल्या काही केबीत आणि निम्मे इनोड टेबल (प्रत्येक फाइलची माहिती असलेला तक्ता) नि डिरेक्टरी ब्लॉकमध्ये करा. १०८० आणि १०८१ या दोन बाइटना मात्र शिवू नका, तिथे ईएफ५३ हा ओळखीचा आकडा असतो, तो बदलला की कर्नल म्हणतो ही एक्सटी४च नाही आणि विषय संपला. एका वेळी १ ते २० बाइट पुरे, जास्त बदललेत तर माउंटच होत नाही.

मग माउंट करा, आणि माउंट झालं म्हणून खूश होऊन तिथेच थांबू नका, आत जाऊन सगळी डिरेक्टरी वाचा, फाइल वाचा, नवी बनवा, नाव बदला, उडवा, मग अनमाउंट. बरेच क्रॅश डिलीट करताना किंवा अनमाउंट करताना येतात. लॉगमध्ये एक्सटी४ एरर असं भरभरून दिसेल, ती चांगली बातमी आहे, म्हणजे कर्नलला बिघाड कळला. माउंट करताना एरर आल्यावर पॅनिक करा असा ऑप्शन कुठे लागलेला नाही ना तेवढं बघा, नाहीतर सांगितल्याप्रमाणे झालेला पॅनिक तुम्ही बग म्हणून नाचवत बसाल.

नेटवर्कचं पण असंच, चेकसम बरोबर ठेवून बाकीचं पॅकेट बिघडवायचं, टन-टॅप डिव्हाइस (सॉफ्टवेअरमधलं नेटवर्क कार्ड) वापरून गेस्टच्या आतच. यावर वेगळा लेख लागेल.

आणि एक टोमणा मारून ठेवतो: रूट होऊन डिस्कच्या डिव्हाइस फाइलवर किंवा /डेव्ह/मेमवर (मशीनची थेट मेमरी) रँडम डेटा लिहून मशीन पाडणं याला टेस्टिंग म्हणत नाहीत. ज्याला सगळे अधिकार दिलेत त्याने घर पाडलं यात सिस्टिमचा दोष काय.

पायरी ७: कर्नलला आतून डोळे लावा

इथपर्यंत आपण पडलं की नाही एवढंच बघत होतो. पण कर्नलने दुसऱ्याच्या मेमरीत ८ बाइट लिहिले आणि नशिबाने तिथे काही महत्त्वाचं नव्हतं, तर काहीच दिसत नाही. यासाठी कॅसन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कर्नलमधली सोय) चालू करून कर्नल बिल्ड करायचा, तो २०१५ पासून, म्हणजे ४.० आवृत्तीपासून मुख्य लिनक्समध्ये आहे. मेमरीचा आठवा हिस्सा तो स्वतःच्या हिशेबासाठी घेतो आणि मशीन चांगलंच मंदावतं, पण चुकीचा ॲक्सेस झाला की त्याच क्षणी बोंब मारतो: बग, कॅसन, स्लॅब-आउट-ऑफ-बाउंड्स, अमुक फंक्शनमध्ये, इतक्या बाइटचं रीड की राइट, मेमरी कोणी घेतली होती, कोणी सोडली. टेंटेडमध्ये तेव्हा ३२ मिळवले जातात. डिफॉल्टला तो पहिलीच तक्रार छापतो आणि नंतर गप्प बसतो, त्यामुळे एक रिपोर्ट आला की रीबूट.

दुसरी गोष्ट फॉल्ट इंजेक्शन, यावर कोणी फारसं बोलत नाही. कर्नलमध्येच सोय आहे की मेमरी मागितल्यावर रँडमने ठराविक टक्के वेळा नाही म्हणायचं. मेमरी न मिळाल्यावर चालणारा कोड एरवी जवळपास कधीच चालत नाही, म्हणून तिथे बग साचलेले असतात. फेलस्लॅब ही त्यातलीच सोय चालू करा, टास्क-फिल्टर लावून फक्त तुमच्या टेस्टच्या प्रोसेसपुरतं ठेवा, नाहीतर इनिटलाच (सगळ्यात पहिली प्रोसेस) मेमरी नाकारली जाईल, आणि १ टक्क्यापासून सुरू करा.

हे सगळं जमलं की सिझकॉलरकडे वळा. गूगलमध्ये दिमित्री व्ह्युकोव्ह यांनी सुरू केलेला हा फझर, म्हणजे रँडम डेटा फेकणारं टूल, गो भाषेतला. तो सिस्कॉलची वर्णनं वाचतो, ओपनने दिलेला डिस्क्रिप्टर पुढच्या कॉलला द्यायचा हे त्याला समजतं, आणि मुख्य म्हणजे केकोव्ह वापरून कर्नलचा कुठला कोड चालला हे तो बघतो. एखाद्या रँडम बदलाने नवा कोड चालला तर तो प्रोग्राम जपून ठेवायचा आणि त्यातच पुढचे बदल करायचे. मघाच्या चार अब्जात एकाच्या गणितावर हाच उतारा आहे, सगळं एकदम न जुळवता तो एकेक टप्पा सर करत आत जातो. व्हर्च्युअल मशीन तो स्वतःच उठवतो, पाडतो, क्रॅशची नावं लावून फाइल करतो, जमलं तर सी भाषेतला रिप्रोड्यूसरही (तोच क्रॅश पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्राम) देतो. सिझबॉट या नावाने तो २०१७ पासून लिनक्सवर अखंड चालू आहे आणि हजारो बग त्याने दिलेत. मग हाताने वरचं सगळं कशाला केलं? कारण सिझकॉलरची कॉन्फिग फाइल भरताना केकोव्ह, कॅसन, इमेज, सीरियल लॉग हे शब्द आले की ते काय करतात हे तुम्हाला माहीत असेल, आणि नवख्यांचे जे तासन्‌तास जातात ते इथेच जातात.

पडलं! आता?

आधी नाचू नका. खोट्या क्रॅशची यादी मोठी आहे. ओओएम किलरने प्रोसेस मारली, तर तुम्ही मेमरी संपवलीत आणि कर्नलने त्याचं काम केलं. सॉफ्ट लॉकअपची ओळ डिफॉल्टला सीपीयू साधारण २० सेकंद अडकला की येते, पण होस्टवरच इतका लोड असेल की गेस्टला सीपीयू मिळत नाही तरी तीच ओळ येते. टास्क १२० सेकंदांहून जास्त ब्लॉक, हीसुद्धा मंद डिस्कवर येऊ शकते. अशा वेळी होस्ट मोकळा करून तोच सीड पुन्हा चालवा.

लॉग वाचताना पहिला रिपोर्ट पकडायचा, त्यानंतरचे बहुतेक त्याचेच परिणाम असतात. कॉल ट्रेसमध्ये वरची फंक्शन अनेकदा रिपोर्ट छापणारीच असतात, ती सोडून खाली या, जिथे ड्रायव्हर किंवा फाइल सिस्टिमचं नाव लागतं तिथे थांबा. डिबग इन्फोसकट कर्नल बिल्ड केला असेल तर सोर्समधली डीकोड-स्टॅकट्रेस स्क्रिप्ट पत्त्यांच्या ऐवजी फाइल आणि ओळ क्रमांक देते.

मग लहान करा. ५००० सिस्कॉलच्या यादीने पडत असेल तर अर्धी यादी चालवून बघा, पडलं तर तीच पुढे घ्या, नाही पडलं तर दुसरी अर्धी, दोन्हीने नाही पडलं तर मधले छोटे तुकडे काढत जा. फाइल सिस्टिमच्या बाबतीत बदललेले बाइट एकेक करून मूळ करत जायचे. शेवटी दोनतीन कॉल किंवा एखादा बाइट उरतो आणि तेव्हा बऱ्याचदा बग काय आहे हे नुसतं बघून कळतं. कधी पडतं कधी नाही असं असेल तर रेस कंडिशन आहे, म्हणजे दोन गोष्टींच्या वेळेच्या क्रमावर अवलंबून असलेला बग, दोन थ्रेड लागतील, सीड एकटा पुरणार नाही. अशा वेळी तोच तुकडा दोन्ही सीपीयूवर लूपमध्ये फिरवा.

रिपोर्ट करताना कर्नलची नेमकी आवृत्ती, कॉन्फिग फाइल, पहिल्या रिपोर्टपासूनचा पूर्ण लॉग आणि तो छोटा रिप्रोड्यूसर, एवढं द्या. आधी ताज्या आवृत्तीवर पडतं का बघा, जुन्या कर्नलवरचा दुरुस्त झालेला बग पाठवला की पुढच्या वेळी कोणी लक्ष देत नाही. कोणाला पाठवायचं हे सोर्समधली गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. साध्या युजरला रूट होता येईल असं काही दिसलं तर मात्र ते जाहीर मेलिंग लिस्टवर न टाकता कर्नलच्या सिक्युरिटी टीमला खाजगीत कळवा.

फिक्स आला की तीच इमेज, तोच सीड पॅच लावलेल्या कर्नलवर चालवा, आणि न लावलेल्यावरही, दोन्हीकडे. न लावलेल्यावर आता पडतच नसेल तर तुमचा रिप्रोड्यूसर कुठेतरी बदललाय आणि पॅचबद्दल अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.